सुनेनं आधी तुमचंच नाव सुचवलं होतं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकला राहते. वय चौसष्ट, शाळेतून निवृत्त. मुलगा म्युनिकला नोकरीला आहे आणि तिथंच ओळख झालेल्या एका ग्रीक मुलीशी त्यानं लग्न केलं. सून थेस्सालोनिकीची. स्वभावानं गोड आहे, मला ‘आई’ म्हणते, आमटीभात आवडीनं खाते. फेब्रुवारीत बाळ होईल. तिकडे आधी सांगतात, मुलगी आहे. नावही ठरवलंय : इरीनी. सुनेच्या आईचं नाव. मी फोनवर ‘छान आहे’ म्हणाले, पण तेव्हापासून घरात गोंधळ चालू आहे. माझे धाकटे दीर संस्कृत शिकलेले. ते म्हणतात, ‘इरिण’ म्हणजे नापीक जमीन, पोरीला असलं नाव ठेवतात का? नणंद म्हणते, हे ख्रिश्चन संतिणीचं नाव, म्हणजे बाप्तिस्मा ठरलेलाच. पुतण्यानं मोबाइलवर शोधून काढलं, की या नावाच्या एका राणीनं गादीसाठी पोटच्या मुलाचे डोळे काढवले. ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. माझ्या मनात सासूबाईंचं नाव होतं, जानकी. त्यांनी मला लेकीसारखं वागवलं. पण मुलाला काही बोलले नाही. तशी सुनेनं अगदी सुरुवातीला ‘आई, तुमचंच नाव ठेवू या’ म्हणून पाहिलं होतं, पण मी ‘अगं, मी अजून जिवंत आहे!’ म्हणून हसण्यावारी नेलं. मे महिन्यात मंडळी नाशिकला येतील तेव्हा बारसं करायचं आहे. या नावाचा खरा अर्थ काय? आणि मुलाला नाव बदलायला सांगू का?

— एक होऊ घातलेली आजी, नाशिक

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, नाव बदलायला सांगू नका. दीर, नणंद आणि पुतण्या यांच्याकडे मी एकेक करून येतेच. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही शेवटाला, जाता जाता लिहिली आहे, आणि ती मोठी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ग्रीसच्या बऱ्याच भागात नाव ठेवण्याचा क्रम पूर्वापार ठरलेला आहे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं. आईकडच्या आजीआजोबांचा नंबर त्यानंतर. सगळीकडे असंच नाही. कार्पाथोस बेटावर थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव मिळायचं, आणि नावापाठोपाठ तिकडचा जमीनजुमलाही. आताची जोडपी हा क्रम मोडतातही, आणि त्यावरून घरोघरी रुसवेफुगवे होतात. पण मुख्य भूमीवरचा जुना हिशेब धरला तर पहिल्या नातीच्या नावाचा पहिला मान मुलाच्या आईचा, म्हणजे तुमचा. आजी हयात असणं तिथं आडवं येत नाही. उलट आपल्या डोळ्यांदेखत आपल्या नावानं नात हाका ऐकते आहे, याचं त्या आज्यांना केवढं अप्रूप! एका आजोबांचे तीन नातू असले तर तिघंही एकाच नावाचे, असं तिथं सर्रास आढळतं. मग ओळखायचं कसं? वडिलांच्या नावावरून. ग्रीक सरकारी कागदावरही नाव आणि आडनाव यांच्या जोडीला वडिलांचं नाव विचारतात. तुम्हीआम्ही आयुष्यभर फॉर्मवर लिहीत आलो तसंच.

आता आपली बाजू. आपल्याकडे नाव ठेवायचं ते गेलेल्या माणसाचं. हयात सासूचं नाव नातीला ठेवलं तर सुनेनं तिला हाक कशी मारायची? रागवायचं कसं? जिथं बायका उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, तिथं सासूच्या नावानं ‘गप बस’ म्हणणार कोण! म्हणूनच पाळण्यातलं नाव एक आणि हाकेचं दुसरं अशी सोय आपल्या घरांनी करून ठेवली. तुम्ही जे बोललात ते या सगळ्यातून आलेलं होतं आणि त्यात गैर काही नव्हतं.

फक्त सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं आपल्या घरातला सगळ्यात मोठा मान तुमच्यापुढे ठेवला आणि तुम्ही तो हसून परत केलात, एवढंच तिला दिसलं. मग तिनं क्रमानं पुढच्या व्यक्तीचं नाव घेतलं. त्या तुमच्या विहीणबाई. तिनं तुम्हाला डावललं असं तुम्हाला वाटतंय. ताई, डावललं असेलच तर ते तुम्ही तिला, तेही नकळत. म्हणून नाव बदलायचा विषय काढण्याआधी तिला फोन करा आणि आपल्याकडे हयात माणसाचं नाव का ठेवत नाहीत ते नीट सांगा. मुलाकरवी निरोप नको, तुम्ही स्वतः बोला. काय बोलायचं ते खाली लिहिते. आधी नावाचं प्रकरण निस्तरू.

इरीनी म्हणजे शांतता. पण ध्यानाला बसल्यावरची नव्हे. लढाई थांबून तह झालाय, माणसं गावी परतली आहेत, पेरण्या पुन्हा सुरू झाल्या आहेत, त्या दिवसांना जुने ग्रीक लोक हा शब्द वापरत. अंतर्यामीचा निवांतपणा त्यात पुढे मिसळला. ज्यू लोकांचे हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये उतरवले गेले तेव्हा ‘शालोम’साठी हाच शब्द घेतला गेला, आणि खुशाली, क्षेम, कल्याण हे सगळं त्याच्या पोटात आलं. आजही ग्रीक चर्चमध्ये उपासनेच्या वेळी पाद्री लोकांकडे वळून ‘इरीनी पासी’ म्हणतात, सर्वांना शांती असो. शब्दाचं मूळ ग्रीकच्याही आधी त्या भूमीवर बोलल्या जाणाऱ्या कुठल्या तरी भाषेत असावं, असं काही भाषा-अभ्यासक मानतात, कारण वेगवेगळ्या ग्रीक बोलींतली त्याची रूपं नेहमीच्या नियमांत नीट बसत नाहीत. अथेन्सला ‘एइरेने’, तर डोरिक बोलीत ‘इराना’. (इराण देशाशी याचा काही संबंध नाही. पुतण्याला आधीच सांगून ठेवा.) अथेन्सचा तो एइरेने शतकानुशतकं जिभेवर घासला जाऊन आजचा इरीनी झाला. तेच नाव इंग्रजीत आयरीन, फ्रेंचमध्ये इरेन, रशियनमध्ये इरीना. मारी क्यूरी यांची थोरली लेक, जिनं १९३५ साली नवऱ्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल घेतलं, तीही इरेनच. आणि सांतोरिनी बेटाचे पांढऱ्या घरांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. त्या बेटाचं जुनं नाव थिरा. मध्ययुगात पश्चिमेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी तिथल्या संत इरीनीच्या चर्चवरून त्याला सांता इरिनी म्हणायला सुरुवात केली, त्याचं सांतोरिनी झालं.

आता दीर. त्यांचं संस्कृत पक्कं आहे, हे कबूल. इरिण म्हणजे ऊसर, खारवट जमीन, ज्याला शेतकरी चोपण म्हणतात ती. इरिणात पेरलेलं बी फळ देत नाही अशी ओळ मनुस्मृतीतही आहे. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात फासे ज्या खळग्यात गडगडतात त्यालाही इरिणच म्हटलंय, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं की नाही कोण जाणे. पण ग्रीक इरीनीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडायचं तर इरीनी ही ऋणीची बहीण ठरेल आणि हरिणीचीही.

आणि गंमत बघा, ग्रीकांच्या मनातली इरीनी नापिकीच्या नेमकी उलट आहे. पुराणात ती झ्यूस आणि थेमिस यांची मुलगी. तिघी बहिणी : सुव्यवस्था बघणारी युनोमिया, न्याय बघणारी डिके आणि ही. तिघी मिळून ऋतूंच्या देवता. ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमाराचा कवी हेसिओड शेती आणि कष्ट यांवरच्या आपल्या काव्यात तिला ‘मुलं वाढवणारी’ म्हणतो. का, तर लढाई नसेल तेव्हाच पोरं मोठी होतात. पुढे अथेन्स आणि स्पार्टा यांचं दहा वर्षं युद्ध चालून दोघंही टेकीला आले असताना, ख्रिस्तपूर्व ४२१ मध्ये, अरिस्तोफानिस या विनोदी नाटककारानं याच देवीच्या नावाचं एक फार्स म्हणावं असं नाटक रंगभूमीवर आणलं. त्याचा नायक कोण असेल? द्राक्षबागायतदार! तुमच्या नाशिकच्या मातीत शोभेल असा. युद्धाला कंटाळलेला हा गडी शेणकिड्यावर स्वार होऊन स्वर्गात जातो. तिथं कळतं, की ‘युद्ध’ नावाच्या पात्रानं इरीनीला एका गुहेत कोंडून वर दगड रचले आहेत. दोर बांधून तिला ओढायला सगळे ग्रीक जमतात, पण प्रत्येकाची ओढ निराळी, त्यामुळे ती तसूभर हलत नाही. शेवटी शेतकरी म्हणतात, बाकीचे बाजूला व्हा. आणि ते एकटे तिला बाहेर काढतात. त्यानंतर गावात विळे करणाऱ्याची चलती आणि शिरस्त्राणं विकणाऱ्याचं दिवाळं! नाटकाला स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला आणि थोड्याच दिवसांत खरोखरचा तह झाला. तो टिकला नाही, हा भाग निराळा.

अथेन्सनं तिची सालाबादची पूजा सुरू केली ती पुढे, ख्रिस्तपूर्व ३७५ च्या सुमारास, स्पार्टाशी आणखी एक तह झाल्यावर. त्याच काळात केफिसोदोतोस नावाच्या शिल्पकारानं तिची ब्राँझची मूर्ती घडवली आणि ती शहराच्या अगोरात उभी राहिली, म्हणजे जिथं बाजार, कचेऱ्या आणि गप्पांचे फड सगळं एकत्र, अशा जागी. अंगावरच्या वस्त्राच्या सरळ, जड चुण्या. उजवा हात उंचावून धरलेला, त्यात राजदंड होता. डाव्या हातावर तान्हं मूल, आणि मान त्या मुलाकडे कललेली. ते मूल म्हणजे प्लूटोस, धनधान्याची समृद्धी. (पाताळातला प्लूटो वेगळा.) शांतता असेल तर समृद्धी तिच्या कडेवर वाढते, एवढं त्या मूर्तीत सांगितलंय आणि त्यासाठी खाली पाटी लावायची गरज नाही. मूळ ब्राँझ काळाच्या ओघात नाहीसं झालं. रोमन काळात तिच्या संगमरवरी प्रती झाल्या. त्यांतली सगळ्यात नावाजलेली प्रत आज कुठं असेल? म्युनिकमध्ये, क्योनिग्सप्लात्झ चौकातल्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात. तुमचा मुलगा राहतो त्याच शहरात! तिकडे जाल तेव्हा सुनेला आणि नातीला घेऊन जरूर जा. दिरांना फोटो पाठवा, बाकी काही लिहू नका.

नणंदबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. हे संतिणीचं नाव आहेच, आणि एकीचं नव्हे, अनेकींचं. खुद्द तुमच्या सुनेच्या थेस्सालोनिकीत ३०४ साली रोमन सम्राट डायोक्लिशियननं चालवलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात तिघी बहिणी मारल्या गेल्या : अगापी, हिओनिया आणि इरीनी. बंदी घातलेली धर्मपुस्तकं इरीनीनं लपवून ठेवली होती, हा तिच्यावरचा एक आरोप. दुसरी मोठी संत इरीनी, तिचा दिवस ५ मे. दंतकथेत ती राजकन्या आहे, तिचं जन्मनाव पेनेलोपी, आणि इरीनी हे नाव तिला बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालं. आपल्याकडे वसई, वांद्रे, गोवा या भागांत आयरीन नावाच्या बाई प्रत्येक पिढीत भेटतात. नणंदेच्या डोळ्यांसमोर त्या असणार.

पण नाव त्या धर्माहून जुनं आहे. सिकंदराचा सेनापती टॉलेमी, जो पुढे इजिप्तचा राजा झाला, त्याच्या एका मुलीचं नाव इरीनी होतं आणि ती सायप्रसमधल्या सोली शहराच्या राजाला दिली होती. ख्रिस्ताच्या जन्माआधी तीनशे वर्षांची ही गोष्ट. रोमन लेखक प्लिनीनं चित्रकार बायकांची नावं नोंदवली आहेत, त्यांतही एक इरीनी सापडते, बापाच्या हाताखाली कुंचला धरायला शिकलेली.

आणि नाव एक, धर्म एक असं समीकरण कुठं टिकलंय? ग्रीसमध्ये आज अथिना आणि अफ्रोदिती नावाच्या बायका नेमानं चर्चमध्ये जातात. आपल्याकडे १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, पण ते नारायणच राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी घेतला, त्याही लक्ष्मीबाईच. उलट बाजूचं उदाहरण तर नणंदेच्या गावातच आहे. पांडवलेण्यांत सतरा नंबरचं लेणं बघायला सांगा. ते खोदवून घेणारा स्वतःला योनक म्हणवतो, म्हणजे यवन, उत्तरेकडच्या दात्तामित्री गावचा. त्याचं नाव इंद्राग्निदत्त. वडिलांचं धर्मदेव. मुलाचं धर्मरक्षित. यवनांच्या तीन पिढ्या, तिन्ही नावं इथली, दान बौद्ध भिक्षूंना, आणि तरी आपण योनक आहोत हे त्यानं दगडावर कोरून ठेवलं. जुन्नरच्या लेण्यांतही असे यवन दाते आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीत जे खपलं ते आज तुमच्या घरात खपू नये?

बाप्तिस्मा करायचा की नाही, बारसं कुठल्या पद्धतीनं करायचं, हे मुलगा आणि सून ठरवतील. इरीनी नाव ठेवल्यानं ते ठरत नाही आणि जानकी ठेवल्यानं टळतही नाही. त्याची काळजी वाटत असेल तर सरळ विचारा, नावाच्या आडून नको.

पुतण्यानं सापडवलेली राणी खरी आहे. अथेन्सची इरीनी. ७६९ साली लग्न होऊन कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत (आजच्या इस्तंबूलला) आली. ७८० मध्ये सम्राट असलेला नवरा वारला, मुलगा लहान, म्हणून कारभार हातात घेतला. चर्चमधल्या चित्र-मूर्तींवर बंदी होती, ती उठवणारी धर्मसभा ७८७ मध्ये तिनंच भरवली. मुलगा मोठा झाल्यावर दोघांचं बिनसलं, आणि ७९७ मध्ये तिच्या माणसांनी त्याचे डोळे काढले. मग पाच वर्षं तिनं एकटीनं साम्राज्य चालवलं. त्या गादीवर स्वतःच्या हक्कानं बसलेली ती पहिली बाई. तिकडे रोममध्ये ८०० साली पोपनं फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याला सम्राटपदाचा मुकुट घातला, त्यामागे ‘पूर्वेच्या गादीवर बाई आहे, म्हणजे गादी रिकामीच’ हाही युक्तिवाद होता. ८०२ मध्ये तिला पदच्युत केलं आणि लेस्बोस बेटावर हद्दपारीत ती मेली. वाचून अंगावर काटा येणारच.

पण ताई, आपल्या इतिहासात आनंदीबाई आहेत ना? १७७३ साली नारायणरावाचा खून झाला आणि ‘ध’चा ‘मा’ त्यांनी केला असं घरोघरी सांगितलं गेलं. म्हणून मराठी माणसानं मुलीचं नाव आनंदी ठेवायचं सोडलं? गोपाळराव जोश्यांनी तर लग्नानंतर यमुनेची आनंदी केली, आणि तीच पुढे अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन आली. ग्रीक घरांतही कुणी त्या राणीवरून नाव ठेवत नाही. ठेवतात ते आजीवरून. तुमच्या नातीचं नावही राणीवरून नाही, थेस्सालोनिकीत राहणाऱ्या एका बाईवरून आहे, जी तुमच्यासारखीच फेब्रुवारीची वाट बघते आहे.

त्या राजवाड्यातली दुसरी एक गोष्ट मला त्या राणीपेक्षा जास्त सांगावीशी वाटते. कॉन्स्टँटिनोपलला परदेशातून सून आली की तिचं नाव बदलत, आणि बरेचदा इरीनी ठेवत. आठव्या शतकात काळ्या समुद्रापलीकडच्या खझार लोकांची राजकन्या चिचक आली, तिची इरीनी झाली. बाराव्या शतकात हंगेरीची पिरोश्का आली, तीही इरीनी. इस्तंबूलच्या हागिया सोफियात वरच्या सज्जात तिचं मोझेक चित्र अजून आहे, नवऱ्यासोबत, लांब वेण्या सोडलेल्या. त्यानंतर झुल्त्सबाखची बेर्टा आली, म्हणजे ज्या बव्हेरियाची राजधानी आज म्युनिक आहे त्याच मुलखातली मुलगी. तिचीही इरीनीच. ही लग्नं दोन राज्यांमधल्या सलोख्यासाठी लावलेली, तेव्हा नाव साजेसंच म्हणायचं. पण त्या मुलींना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात तेव्हा तरी कुठं विचारायचे! तुमच्या सुनेचं नाव तुम्ही बदललं नाहीत. तशी पत्रात तक्रार नाही, म्हणून मी ते गृहीत धरते, आणि त्याबद्दल तुमचं कौतुकही करते. आता तिनं ठरवलेलं नावही तसंच राहू द्या.

आता फोन. मी असं म्हणेन : ‘अगं, तू माझं नाव म्हणालीस तेव्हा मी हसले. आमच्याकडे हयात माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत, म्हणून हसले. तुमच्याकडे तो केवढा मान असतो हे मला आत्ता कळलं. मला फार बरं वाटलं.’ एवढंच. ‘मग आता ठेवू या का’ असं तिनं विचारलं तर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण विहीणबाईंना कदाचित आधीच सांगून झालं असेल, हे ध्यानात ठेवा. त्यांनाही एक फोन करा. ग्रीसमध्ये बाळ झालं की घरच्यांना ‘ना सास झिसी’ म्हणतात, तुमचं बाळ उदंड जगो. मुलाकडून उच्चार शिकून घ्या आणि फेब्रुवारीत तेवढंच म्हणा. पुढचं त्या बोलतील.

जानकीबद्दल मुलाशी मोकळेपणानं बोला. गेलेल्या आजेसासूचं नाव घरात राहावं असं वाटणं ग्रीक सुनेला समजावून सांगावं लागणार नाही. जर्मनीत मुलाला एकापेक्षा जास्त नावं नोंदवता येतात, इरीनी जानकी असं सहज होऊ शकतं. पण हे विचारा, मागू नका. आणि त्यांनी नको म्हटलं तर पाळण्यात जानकी म्हणा, कोण अडवणार आहे? हाकेसाठी ग्रीक लोक इरीनीचं रेना करतात, रिनिओ करतात, लाडानं रिनूला म्हणतात. तुम्हाला रेणू म्हणावंसं वाटलं तर तेही शोभेल.

बारशाची तारीख ५ मे धरता आली तर बघा. ग्रीक लोक वाढदिवसाइतकाच, पुष्कळ घरांत त्याहूनही जास्त, नावाचा दिवस साजरा करतात. त्या दिवशी घर उघडं असतं, येईल त्याला गोडधोड. तुमच्या नातीचा आणि विहीणबाईंचा दिवस एकच. विहीणबाई नाशिकला येणार असतील तर त्यांना याहून मोठा आहेर नको.

एक व्यवहाराची गोष्ट मुलाला आजच कळवा. ग्रीक पासपोर्टवर या नावाचं स्पेलिंग ‘ई-आय’नं सुरू करण्याची पद्धत आहे, पण जर्मन माणूस ती दोन अक्षरं ‘आय’ अशी वाचतो. मग शाळेत पोरीची आयरीनी होईल आणि ती जन्मभर दुरुस्त करत बसेल. नुसत्या ‘आय’ या एका इंग्रजी अक्षरानं सुरुवात केली तर जर्मन, मराठी, ग्रीक तिघंही बरोबर वाचतील. पण मग ग्रीक कागदांवर एक आणि जर्मन कागदांवर दुसरं असं होऊ नये, हे आधी दोन्हीकडे विचारून घ्यायला हवं. जर्मनीत जन्मानंतर महिन्याभरात नाव कळवावं लागतं, तेव्हा हे बाळंतपणाच्या गडबडीत नको, आताच होऊन जाऊ दे.

तुमच्याकडे काम एकच. बारशाच्या पत्रिका नाशिकला छापाल तेव्हा मजकूर स्वतः तपासा. ‘री’ची वेलांटी दुसरी. ती पहिली पडली, तर दीर पत्रिका हातात घेऊन पुन्हा सुरू होतील.